ड्रम गोल आहे, पण कशाभोवती? जुन्या मोटारीच्या अ‍ॅक्सलला नवे ब्रेक बसवताना

जुन्या मोटारीच्या इंजिनाचा कस पन्हाळा चढताना लागतो आणि ब्रेकचा उतरताना. गेल्या वर्षी शेजारच्या काकांची १९३० ची फोर्ड मॉडेल ए आम्ही ज्योतिबा करून पन्हाळ्यावर नेली. येताना वाघबीळपर्यंत पोचेस्तोवर पेडल फळीला टेकायला लागलं होतं. गाडी कडेला घेतली आणि पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेला. धग एवढी होती की तळवा ड्रमपासून, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यापासून, वीतभर अलीकडंच थबकला. डाव्या चाकाला मात्र बिनधास्त हात लावता येत होता. चार चाकांचं काम एकटं चाक ओढत होतं.

काका म्हणाले, "नवे ब्रेक बसवून टाकूया की. दोन दिवसांचं काम असेल न्हवं?"

पार्ट हातात असतील तर बसवायला दोन दिवस पुरतात. पण आधीची मापं, जुळवाजुळव आणि लेथवरचं काम यात आमचे दोन महिने गेले. ते का गेले, हे इथं सांगतो. घरात जुनी मोटार असणाऱ्यांना यातलं कळलं, तर मेस्त्रीकडं गेल्यावर नेमकं काय विचारायचं हेही कळेल.

उतारावर ब्रेक काय सोसतो

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर साधारण १६५ किलोज्यूल उष्णता तयार होते. चार ओतीव ड्रम प्रत्येकी ७ किलोचे धरले, तर तेवढ्यानं ते जेमतेम १२-१३ अंशांनी तापतात. एवढं काहीच नाही.

आता पन्हाळा घ्या. गड आजूबाजूच्या मुलखापासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून गाडी खाली आणायची म्हणजे, सगळा भार ब्रेकवरच टाकला तर, ६० च्या वेगातून २८ वेळा थांबल्याएवढी उष्णता होते. मधे थंड व्हायला उसंत नाही मिळाली तर ड्रम साडेतीनशे अंशांनी तापतील. प्रत्यक्षात इंजिन आणि वारा मिळून बराच भार उचलतात, म्हणूनच जुनी माणसं "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर" म्हणायची. तो हिशेब पक्का आहे.

तापलेला ड्रम फुगतो. ११ इंची ड्रम २०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. आतले शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे कमानीसारखे तुकडे, बाहेरच्या दिशेनं दाबले जातात आणि दाबायची ती भिंतच लांब सरकते. पाय खाली जातो तो यामुळं. त्यात मॉडेल ए चे मूळ ड्रम दाबीव पत्र्याचे होते. ते तापले की नुसते फुगत नाहीत, दाबाखाली किंचित वाकडेही होतात.

इथं आपल्या कोल्हापूरचा संबंध येतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून ज्या करड्या ओतीव लोखंडाच्या वस्तू निघतात, तेच लोखंड ब्रेक ड्रमला लागतं. त्यात कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे उष्णता पटकन पसरवतात आणि थरथर पिऊन टाकतात. एका मित्रानं हौसेनं सुचवलं होतं, "एसजी आयर्नमध्ये ओतून घेऊ, जास्त मजबूत." मजबूत खरं, पण त्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं आणि उष्णता तितकी सहज पसरत नाही. ड्रमला करडं लोखंडच हवं.

सळई जाऊन तेल आलं

मॉडेल ए चे ब्रेक सळईचे. पेडल दाबलं की खालचा आडवा दांडा फिरतो, चार सळया चार चाकांकडं ओढल्या जातात आणि शू फाकतात. पुढच्या चाकांना तर गंमतच आहे: चाक वळतं, सळई वळत नाही, म्हणून दाब किंगपिनच्या (चाक ज्या उभ्या दांडीवर वळतं तिच्या) पोकळीतून एका खिळ्यानं खाली पोचवलाय. तो खिळा हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसलो होतो. ज्यानं हे सुचवलं त्याला मानलं पाहिजे.

अडचण सळयांच्या लांबीत आहे. एकही सांधा झिजला की त्या चाकाला दाब कमी मिळतो. चारही चाकं सारखी लावणं हे घड्याळजीचं काम, आणि ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. तेलाच्या ब्रेकमध्ये हा प्रश्न उरत नाही, कारण बंद नळीतल्या तेलाचा दाब सगळीकडं सारखा असतो. क्रायस्लरनं १९२४ मध्ये, शेवरलेनं १९३६ मध्ये तेलाचे ब्रेक दिले. फोर्डनं मात्र १९३८ पर्यंत सळईचे आणि शेवटी केबलचे ब्रेक सोडले नाहीत. १९३९ च्या फोर्ड गाड्यांना तेलाचे ब्रेक आले आणि तेव्हापासूनच लोक ते आधीच्या फोर्डच्या अ‍ॅक्सलवर चढवत आलेत. काकांच्या गाडीसाठी आम्ही त्याच धर्तीचे ड्रम, हब (चाकाचा मधला गाभा) आणि प्लेटी मागवल्या.

"चाक बसतंय की!"

पार्ट बघायला दोघंतिघं जमले. एकजण म्हणाला, "बाहेरून कशाला मागवलं? जुन्या जीपचं चाक याला बसतंय की!" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. जुनी फोर्ड आणि विलीज घराण्यातली जीप, दोन्हींना पाच स्टड, आणि स्टडच्या वर्तुळाचा व्यास दोन्हींत साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. पाच स्टडना समोरासमोर जोडी नसते, त्यामुळं हे माप थेट घेता येत नाही. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर घ्या आणि १.७ नं गुणा. इथं ८२ मिलिमीटरच्या आसपास भरतं.

पण स्टड जुळले म्हणजे फक्त चाक आणि हब यांचं जमलं. हब आणि अ‍ॅक्सल यांची सोयरीक अजून व्हायचीच असते, आणि खरं काम तिथंच आहे.

पुढच्या अ‍ॅक्सलचं टोक, ज्याला आपण स्टब म्हणतो, ते एकसारख्या जाडीचं नसतं. आतल्या बाजूला जाड, बाहेर बारीक. आतलं बेअरिंग मोठं, बाहेरचं लहान, टोकाला नट आणि स्प्लिट पिन. नवा हब त्याच्या बेअरिंगसकट येतो. त्या बेअरिंगचं आतलं भोक आपल्या स्टबवर बसायला हवं, आणि दोन बेअरिंगमधलं अंतर स्टबवरच्या त्या दोन जागांशी जुळायला हवं. भोक मोठं असेल तर मधे बुश, म्हणजे नळीसारखी कडी, घालता येतो, पण तो कडक करून ग्राइंड केलेला हवा, आणि स्टबवर हाताच्या जोरानं सरकेल पण हलणार नाही असा. पत्र्याची पट्टी गुंडाळून भागवलेलं मी पाहिलंय. ती पट्टी चार महिन्यांत चुरगळून निघाली होती आणि चाक हातानं हलत होतं.

भोक लहान असेल तर? तर तो हब विसरा. स्टब लेथवर बारीक करू नका, आणि त्यावर वेल्डिंगचा भरणा तर अजिबात नको. स्टब घडीव पोलादाचा असतो आणि गाडीचं एक चतुर्थांश वजन सतत त्याच्या मुळाशी वाकत असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्या जागचं पोलाद ठिसूळ होतं आणि मग ते एक दिवस, काही न सांगता, तुटतं. माझं तोंड कुणाला कडू लागलं तरी चालेल, या एका गोष्टीत मी ऐकून घेत नाही.

कशाभोवती गोल?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राची जुनी मोटार माझ्याकडं आली होती. दुसरीकडं कुठंतरी तिला नव्या धर्तीचे ब्रेक बसवून घेतले होते. सामान चांगलं, लायनर (शूवरचा घासणारा थर) नवे, तरी ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढायची आणि पेडल पायाखाली धडधडायचं. दोनदा ड्रम उतरवून लेथवर स्किम करून, म्हणजे आतून हलकेच कापून गोल करून, आणले, फरक शून्य. उद्यमनगरात ज्यांच्याकडं आम्ही लेथकाम करतो ते मेस्त्री वयानं मोठे, बोलणं कमी. तिसऱ्यांदा ड्रम घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो फिरवून बघितला आणि माझ्याकडं परत सरकवला. म्हणाले, "ड्रम गोल हाय. पर कशाभवती गोल हाय, त्ये बघा."

मी गाडीकडं परत आलो. शाळेत वापरतात तो पांढरा खडू घेतला आणि दोन्ही शूच्या लायनरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घासला. ड्रम चढवला, ब्रेक हलका लावून हातानं दोन फेरे फिरवले, ड्रम उतरवला. पुढच्या शूचा खडू फक्त वरच्या दोन बोटांएवढ्या जागेत पुसला होता. मागच्या शूचाही फक्त वरच्या टोकाला. मधला सगळा लायनर पांढराशुभ्र, ड्रमला शिवलेलाच नाही.

कारण सापडलं ते प्लेटच्या मागं. शू ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट स्टबच्या मुळाशी चार बोल्टांवर असते. नव्या प्लेटची भोकं जुन्या स्टबशी जुळत नव्हती, म्हणून कुणीतरी ती कानशीनं लांबट केली होती आणि प्लेट नजरेनं मधोमध धरून बोल्ट आवळले होते. प्लेट अर्धा सूत, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, वर बसली होती. ड्रम फिरत होता स्टबच्या मध्याभोवती आणि शू उघडत होते त्याच्या अर्धा सूत वरच्या दुसऱ्याच मध्याभोवती.

म्हणून नव्या ब्रेकसाठी तीन मध्य एक व्हावे लागतात: स्टबचा, ड्रमचा आणि शूच्या प्लेटचा. प्लेटच्या मधल्या भोकाला बसायला स्टबच्या मुळाशी एक उठाव असतो. प्लेट मधोमध धरायचं काम त्या उठावाचं, बोल्ट फक्त आवळून धरतात. जुन्या फोर्डच्या स्टबना हा उठाव चौकोनी होता, १९३७ पासून गोल झाला, आणि १९३९ च्या प्लेटचं भोक गोल आहे. त्यामुळं चौकोनी उठावाचे कोपरे मापात गोल करावे लागतात, किंवा गोल उठावाचे स्टबच मिळवावे लागतात. प्लेटचं भोक मोठं पडत असेल तर त्या फटीत बसेल अशी कडी लेथवर काढून घ्यायची. किमतीनं किरकोळ वस्तू, पण सगळा ब्रेक तिच्यावर उभा.

ड्रमच्या मध्यासाठी एकच नियम: ड्रम स्किम करायचा तो हबवर बसवूनच, आणि हब लेथवर पकडायचा तो बेअरिंगच्या वाट्यांवरून. सुटा ड्रम चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरून कितीही गुळगुळीत केला तरी तो चकाच्या मध्याभोवती गोल होतो. किती मिलिमीटरपर्यंत कापायचं याची मर्यादा बऱ्याच ड्रमवर छापलेली असते. ती ओलांडली की ड्रम पातळ होतो आणि लवकर तापतो.

मागच्या अ‍ॅक्सलचं वेगळं प्रकरण

मागं स्टब नसतो. तिथं फिरणाऱ्या अ‍ॅक्सलचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब घट्ट बसतो, मधे चावी (खाचेत बसणारी लोखंडी पट्टी), वर नट. पुष्कळांना वाटतं की जोर चावी घेते. जोर घ्यायला हवा तो निमुळत्या भागाच्या पकडीनं, चावी फक्त आधाराला. ही पकड तपासायला मार्किंगचा निळा रंग अ‍ॅक्सलच्या टोकावर बोटानं पातळ लावायचा, हब दाबून बसवायचा, काढायचा आणि आत किती निळं उमटलं ते बघायचं. काकांच्या उजव्या अ‍ॅक्सलला निळं फक्त तोंडाशी एका कड्यासारखं उमटलं. म्हणजे हब आत टेकतच नव्हता. असा हब कितीही आवळला तरी डुलतो, चावीची खाच रुंद करतो आणि शेवटी अ‍ॅक्सल खातो. ती जोडी बारीक पेस्टनं घासून निळं बहुतेक सगळीकडं उमटेपर्यंत बसवली. यातच दोन संध्याकाळी गेल्या.

मॉडेल ए मध्ये आणखी एक खुबी आहे. मागच्या चाकाचं रोलर बेअरिंग अ‍ॅक्सलच्या नळीवर बाहेरून बसतं आणि हबची आतली बाजूच त्याची बाहेरची वाटी असते. हब आतून झिजला की चाक लंबगोल फिरतं, सील टिकत नाही आणि ग्रीस थेट लायनरवर जातं. जुना हब वापरायचा म्हणत असाल तर आधी आत बोट फिरवा. पायरी लागली की हब बाद.

पायाचा जोर चाकापर्यंत

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोरानं तेल ढकलणारी नळी, निवडताना बहुतेक जण हाताला लागेल तो लावतात. थोडा हिशेब करा. पायानं ३० किलो जोर दिला आणि पेडलची लांबी जोर पाचपट करत असेल, तर मास्टरच्या दट्ट्यावर १५० किलो येतात. मास्टरचा व्यास १ इंच असेल तर तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलो होतो. तोच व्यास पाऊण इंच आणि एक सूत, म्हणजे ७/८ इंच घेतला, तर दाब ३९ च्या जवळ जातो. बारीक मास्टर म्हणजे हलकं पेडल, पण शू तेवढेच सरकवायला पाय जास्त खोल जातो. जाड मास्टर म्हणजे दगडासारखं कडक पेडल. नव्या ब्रेकसोबतचा मूळ मास्टर किती व्यासाचा होता ते शोधून तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं. मी दोन भागांचा मास्टर सुचवतो, ज्यात पुढचं आणि मागचं तेल वेगळं असतं. एक पाइप फुटला तरी दोन चाकं धरतात.

मास्टर फळीखाली चासीवर बसवला की तो चाकांच्या सिलिंडरपेक्षा खाली राहू शकतो. मग पाय काढल्यावर तेल हळूहळू मागं उतरतं आणि पहिल्यांदा पेडल पोकळ जातं. अशा वेळी लाइनमध्ये ड्रमसाठीचा थोडा दाब राखणारा वॉल्व्ह घालावा लागतो. आणि पेडलला किंचित मोकळी चाल ठेवा. ती नसेल तर मास्टरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापलेलं तेल परत जाऊ शकत नाही आणि ब्रेक आपोआप धरत जातात.

शूच्या जागांबद्दलही एक सांगायला हवं. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर आत ओढतो आणि त्याचा दाब वाढवतो, मागच्या शूला उलट ढकलतो. काही बनावटींत म्हणूनच एक लायनर आखूड आणि एक लांब असतो. बेंडिक्स धर्तीच्या ब्रेकमध्ये आखूड लायनर पुढं आणि लांब मागं. पेटीतून काढताना हे उलटसुलट झालं तर सामान नवं असूनही ब्रेक मऊ वाटतो.

जुने लायनर काढताना हवेची गन मारू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात बसते. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. शेडमधल्या पोरांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि मी सांगतो.

ब्रेक ऑइलचं थोडक्यात: डॉट ३ प्रतीचं तेल ताजं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की हीच हद्द १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. आपल्याकडच्या पावसाळ्यात, गगनबावड्याच्या बाजूला तर विशेषच, हवेतलं पाणी तेलात जायला वेळ लागत नाही. दोन वर्षांनी तेल बदला. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा.

हँडब्रेक विसरू नका. मागची प्लेट बदलली की जुना हँडब्रेक निकामी होतो, त्याची केबल नव्या शूला जोडून घ्यावी लागते. तेल गेलं तर चाक धरणारं तेवढंच उरतं. कागदाचंही बघा: २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. आम्ही म्हणून अ‍ॅक्सलला किंवा चासीला एकही नवं भोक पाडलं नाही. जुन्या सळया, खिळे आणि पत्र्याचे ड्रम ग्रीस लावून, चिठ्ठ्या बांधून काकांच्या माळ्यावर ठेवलेत. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची झाली तर एका आठवड्यात नेता येईल.

बेअरिंग आवळताना हब फिरवत फिरवत नट घट्ट केला, मग जरा मागं घेतला, जेणेकरून हबला केसाएवढी चाल राहील, आणि नवी स्प्लिट पिन घातली. लायनरवर पुन्हा खडू घासला. या वेळी चारही चाकांचा खडू बहुतेक पूर्ण पुसला गेला. फक्त पुढच्या डाव्याच्या एका टोकाला अंगठ्याएवढं पांढरं राहिलं होतं, ते शंभरेक किलोमीटर चालल्यावर जाईल एवढंच.

मग सपाट रस्त्यावर, मोकळ्या वेळी, कमी वेगानं पंधरावीस वेळा थांबवून शू बसवून घेतले. त्यानंतरच्या रविवारी काकांना शेजारी बसवून पन्हाळा. येताना दुसऱ्या गिअरात उतरलो, वाघबीळला थांबलो. काका स्वतः उतरले आणि चारही चाकांजवळ हात धरत गाडीभोवती फिरले. तीन सारखी गरम होती, मागचं डावं थोडं जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा अ‍ॅडजस्टर एक दात सैल केला.